गालगुंड समजली गेलेली गाठ आणि बृहन्मुंबईची मोजणी

१/ कानाच्या पाळीखाली सूज दिसली की मराठी घरात पहिला शब्द उच्चारला जातो तो 'गालगुंड'. गालगुंड दुखते, ताप आणते आणि साधारण दहा दिवसांत ओसरते. त्याच लाळग्रंथीत, म्हणजे पॅरोटिडमध्ये, उद्भवणारे अर्बुद मात्र बहुधा दुखत नाही आणि वर्षानुवर्षे संथपणे वाढत राहते. न दुखणाऱ्या गाठीसाठी बोरिवलीहून लोकल पकडून परळ कोण गाठणार?

२/ परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले ते २८ फेब्रुवारी १९४१ रोजी. तिथल्या विकृतिशास्त्राचा पाया डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी घातला. गाठ सौम्य की घातक, हे ठरते सूक्ष्मदर्शकाखाली. आणि लाळग्रंथीची गाठ ही विकृतिशास्त्रज्ञाची कठीण परीक्षा. एकाच गाठीत ग्रंथीच्या पेशीही दिसतात आणि कूर्चेसारखा भागही. म्हणूनच जुन्या वैद्यकात तिला 'मिश्र अर्बुद' असे नाव पडले होते.

३/ उपचाराची अडचण वेगळी. चेहऱ्याचे स्नायू हलवणारा मज्जातंतू याच ग्रंथीतून जातो. तो दुखावला तर डोळा मिटत नाही, ओठ एका बाजूला ओढला जातो. या भीतीने शल्यविशारद गाठ तिच्या आवरणातून नुसती सोलून काढीत. जखम भरे, रुग्ण घरी जाई आणि काही वर्षांनी त्याच जागी एकाऐवजी अनेक गाठी उगवत. १९५८ मध्ये लंडनच्या पेटी आणि थॅकरे यांनी काढलेल्या ग्रंथी बारकाईने तपासल्या. आवरण भासते तेवढे अभंग नसते आणि सोलताना गाठीचा अंश मागे राहतो, हे त्यांच्या अभ्यासाने ठसवले. मज्जातंतू आधी शोधून, जपून, त्याच्याभोवतीच्या ग्रंथीसह गाठ काढण्याची पद्धत पुढे रूढ झाली.

४/ पण अशा गाठी होतात तरी किती जणांना? रुग्णालयाची नोंदवही याचे उत्तर देऊ शकत नाही. परळला देशभरातून रुग्ण येतात. तिथला आकडा मुंबईचा नव्हे. दुर्मीळ रोगाचे प्रमाण काढायचे तर लोकसंख्या ठाऊक हवी आणि हद्द निश्चित हवी.

५/ इथे उपनगरे कथेत शिरतात. १९५० मध्ये अंधेरी आणि घाटकोपर मुंबई महापालिकेच्या हद्दीत आले. १९५७ मध्ये बोरिवली आणि मुलुंड. सहाच वर्षांनी, १९६३ मध्ये, इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. दाराब जस्सावाला यांच्या पुढाकाराने मुंबई कर्करोग नोंदणी सुरू केली. लोकसंख्येवर आधारलेली भारतातील ही पहिली कर्करोग नोंदणी. ती केवळ जुन्या शहराची न राहता बृहन्मुंबईची ठरली, याचे श्रेय वैद्यकाइतकेच महापालिकेच्या नकाशालाही द्यावे लागेल.

६/ काम कष्टाचे होते. नोंदणीचे कर्मचारी रुग्णालये आणि प्रयोगशाळा पालथ्या घालीत, महापालिकेच्या मृत्यूनोंदी चाळीत, आणि एकच रुग्ण दोनदा मोजला जाऊ नये म्हणून नावे-पत्ते ताडून पाहत. पत्ता निर्णायक. मुलुंडचा रहिवासी मोजणीत. नाक्यापलीकडचा ठाणेकर, उपचार परळलाच घेत असला तरी, बाहेर.

७/ १९६१ च्या जनगणनेत बृहन्मुंबईची लोकसंख्या सुमारे ४१ लाख होती. लाळग्रंथींच्या कर्करोगाचे वार्षिक प्रमाण लाखामागे एकाहूनही कमी. म्हणजे कुलाब्यापासून दहिसर-मुलुंडपर्यंत वर्षाकाठी चाळीसच्या आत माणसे! मुंबईचे १९६४-६६ चे आकडे १९७० मध्ये 'कॅन्सर इन्सिडन्स इन फाइव्ह कॉन्टिनेंट्स' या ग्रंथमालेच्या दुसऱ्या खंडात जगातील इतर नोंदण्यांशेजारी छापले गेले.

८/ एक मेख मात्र राहते. नोंदणी मोजते ती घातक अर्बुदे. पॅरोटिडमधील बहुसंख्य गाठी सौम्य असतात. टाळूतल्या छोट्या लाळग्रंथींत घातकांचे प्रमाण बरेच अधिक. त्यामुळे ज्या गाठीने शल्यविशारदांना सर्वाधिक चकवले, तीच या मोजणीत कुठे दिसत नाही. नावेही स्थिर नव्हती. जागतिक आरोग्य संघटनेचे लाळग्रंथींच्या अर्बुदांचे वर्गीकरण आले १९७२ मध्ये, थॅकरे आणि सोबिन यांच्या हातून. नोंदणी तेव्हा नऊ वर्षांची झाली होती, आणि आधीच्या कार्डांवर 'सिलिंड्रोमा'सारखी जुनी नावे चढवण्याचाच तो काळ होता.