बर्दिय राजा कीं गौमात तोतया ?

समकालीन अस्सल लेख हातीं आला म्हणजे वाद मिटला, अशी आपणां साधनसंग्राहकांची सहज समजूत असते. परंतु लेख अस्सल असणें आणि त्यांतील मजकूर खरा असणें या दोन गोष्टी भिन्न आहेत. हा भेद दाखविण्यास इराणच्या बर्दिय राजाच्या प्रकरणासारखें दुसरें उदाहरण क्वचितच सांपडेल. बर्दियानें इ. स. पू. ५२२ या वर्षीं जेमतेम सात महिने राज्य केलें. ज्या दारयवहूनें, म्हणजे ग्रीकांच्या डरायसनें, त्यास मारून गादी घेतली, त्यानें मारला गेलेला पुरुष बर्दिय नव्हेच, तर गौमात नांवाचा तोतया होता, असें पाषाणावर कोरून ठेविलें. तेव्हांपासून बहुतेक ग्रंथांत हा राजा तोतया म्हणूनच वावरत आला आहे.

हा लेख कर्मानशाहाजवळ, बाबिलोनहून हमदानकडे जाणाऱ्या प्राचीन मार्गावर, बेहिस्तूनच्या उंच कड्यावर आहे. प्राचीन पारसी, एलामी व बाबिलोनी अशा तीन भाषांत तो कोरला आहे. शिल्पांत दारयवहूचा पाय उताण्या पडलेल्या गौमातावर असून समोर नऊ बंडखोर जखडून उभे केलेले आहेत. १८२७ त कंपनीच्या चाकरींत मुंबईस आलेल्या व पुढें इराणांत गेलेल्या रॉलिन्सननें १८३५ पासून या लेखाच्या नकला घेण्यास आरंभ केला आणि १८४६-४७ च्या सुमारास पारसी पाठ वाचून प्रसिद्ध केला. संस्कृतज्ञास ही भाषा सख्ख्या बहिणीसारखी वाटते. 'ब्राता' म्हणजे भ्राता, 'मर्तिय' म्हणजे मर्त्य, 'गर्मपद' या उन्हाळी महिन्याच्या नांवांत आपला घर्म. आणि ज्या 'द्रौग' शब्दानें दारयवहु सर्व शत्रूंस डागतो, तो आपला द्रोहच. मात्र तेथें त्याचा अर्थ असत्य असा आहे.

लेखाचें म्हणणें थोडक्यांत असें : कुरूचा, म्हणजे सायरसचा, पुत्र कंबुजिय यानें मिसरच्या स्वारीपूर्वीं आपला सख्खा भाऊ बर्दिय यास मारिलें, लोकांस तें कळलें नाहीं. कंबुजिय मिसरांत गेल्यावर गौमात नांवाच्या मग पुरोहितानें, मीच बर्दिय असें सांगून, ११ मार्च ५२२ रोजीं बंड उभारलें व १ जुलैस राज्य घेतलें. पुढें कंबुजिय मरण पावला. गौमाताच्या भीतीनें कोणी अवाक्षर काढीना. तेव्हां दारयवहूनें मोजक्या साथीदारांसह २९ सप्टेंबर रोजीं मीडियांतील एका किल्ल्यांत त्यास ठार केलें.

हिरोडोटसच्या तिसऱ्या भागांतही हीच कथा, कान कापलेल्या मगाच्या रंजक तपशिलासह, आली आहे. मग दोन साक्षी जुळल्या असें म्हणावें काय ? पोथ्यांचे पाठ ताडून पाहणाऱ्यास याचें उत्तर सांगावयास नको. एका मूळ प्रतीच्या दहा नकला झाल्या तरी साक्ष एकच. आपला लेख सर्व प्रांतांत धाडल्याचें दारयवहु स्वतःच सांगतो. मिसरांतील एलिफंटाइन येथें त्याची अरमाइक नक्कल पपायरसवर सांपडली आहे. दारयवहूच्या सहा साथीदारांपैकीं पांचांचीं नांवें हिरोडोटस लेखाप्रमाणेंच देतो. अर्थात् ती कथा विजेत्यांच्याच गोटांतून पसरली. याउलट, इ. स. पू. ४७२ च्या 'पर्शियन्स' या नाटकांत एस्किलस या राजास देशाचा कलंक म्हणतो. पण त्याला राजांच्या मालिकेंत क्रमानें बसवितो, व तो मग किंवा तोतया असल्याचें मुळींच बोलत नाहीं. बाबिलोनच्या मृत्तिकापत्रांत एप्रिलपासून सप्टेंबरपर्यंत 'बर्झिय राजा' याच्या नांवानें व्यवहारांच्या तारखा पडल्या आहेत.

आतां अंतर्गत विसंगती पाहूं. मिसरची स्वारी ५२५ ची. म्हणजे कुरूच्या धाकट्या पुत्राचा वध निदान तीन वर्षें कोणास उमगला नाहीं, असें मानावें लागतें. हिरोडोटस तोच वध मिसरच्या स्वारीनंतर घालतो. वधाचा प्रकारही एक नाहीं. कोणी शिकारींत म्हणतात, कोणी समुद्रांत बुडवून. दुसरें असें कीं, दारयवहु राजा झाला तेव्हां त्याचा बाप व आजा हे दोघेही जिवंत होते, हें त्याच्याच लेखांवरून निघतें. तेव्हां वारसाहक्कानें गादी त्याची नव्हे. तिसरें, गौमात मेल्यावर शांतता व्हावयाची, ती न होतां दारयवहूस १९ लढाया कराव्या लागल्या. खुद्द पारस देशांत वह्यज्दात नांवाचा पुरुष पुन्हां बर्दिय म्हणून उभा राहिला व लोक त्याला मिळाले. बर्दियाच्या नांवावर प्रजेचा लोभ होता, याहून स्पष्ट पुरावा कोणता ? शेवटीं, दारयवहूनें कुरूच्या कन्यांशीं व बर्दियाच्या पार्मिस नामक कन्येशीं विवाह केल्याचें हिरोडोटस सांगतो. उसना हक्क लग्नानें पक्का करण्याचीच ही रीत.

वधाचें कारणही हिरोडोटसच देऊन जातो. या राजानें प्रजेस तीन वर्षें कर व लष्करी चाकरी माफ केली होती. त्याच्या मृत्यूनें पारसिकांवांचून सर्व आशिया हळहळली. कर व फौज यांवर ज्यांची सत्ता उभी, त्या सरदारांस असा राजा कसा मानवावा ?

माझ्या मतें मारला गेला तो खरा बर्दियच. ज्यांस हें मान्य नसेल, त्यांनीं एवढें तरी ध्यानांत घ्यावें कीं, तोतयेपणाचा आरोप करणारा, न्याय देणारा व मरणाचा लाभ घेणारा हे तिघेही एकच आहेत. म्हणून राजावलींत कंबुजियानंतर बर्दियाचें नांव लिहावें, आणि तोतया हा शब्द घालावयाचाच झाल्यास, तो दारयवहूचा आहे असें सांगून घालावा.