प्रतिकृतीची दुरुस्ती

युद्धांतील विमानांच्या व रणगाड्यांच्या लहान प्रतिकृती तयार करणें हा केवळ पोरखेळ होय, असा आपल्याकडील सुशिक्षितांचा सर्वसाधारण समज आहे. तुकडे चिकटवावे, रंग द्यावा आणि वस्तु कपाटांत मांडून ठेवावी, यापलीकडे त्यांत कांहीं असेल असें पुष्कळांस वाटत नाहीं. आमचें मत निराळें आहे. प्रतिकृति तयार करणें हा खेळ असेल. परंतु ती मूळ वस्तूशीं ताडून पाहणें व तिच्यांतील चूक काढून टाकणें हें काम इतिहासकाराचेंच आहे. तें कसें करावें आणि कां करावें, हें समजून घेण्यास नगरइतकें योग्य स्थळ आमच्या पाहण्यांत दुसरें नाहीं.

नगरकडे वळण्यापूर्वीं विमानांचें उदाहरण घेऊं. ब्रिटननें दुसरें महायुद्ध पुकारल्यास तीनच दिवस झाले होते. ६ सप्टेंबर १९३९ रोजीं शत्रु चालून आल्याची खोटी वार्ता उठली, ब्रिटिश विमानें आकाशांत चढलीं आणि ७४ क्रमांकाच्या तुकडींतील स्पिटफायर विमानांनीं आपल्याच ५६ क्रमांकाच्या तुकडींतील दोन हरिकेन विमानें पाडलीं. माँटेग्यू हल्टन-हॅरॉप हा तरुण वैमानिक त्यांत प्राणांस मुकला. हरिकेनचे पंख टोकापासून टोकापर्यंत सुमारें १२.२ मीटर, तर जर्मनांच्या मेसरश्मिट १०९ चे ९.९ मीटरांच्या आंत. कागदावर हा फरक ठळक दिसतो. आकाशांत, उन्हांत आणि घाईंत तो दिसला नाहीं.

आकृति डोळ्यांत पक्की बसल्यावांचून मित्र आणि शत्रु ओळखतां येत नाहींत, हा धडा युद्ध करणाऱ्या सर्वच राष्ट्रांस घ्यावा लागला. अमेरिकेच्या नौदलानें १९४२ सालीं शाळांतील मुलांकडून पांच लक्ष लांकडी विमानें करून घेण्याचें योजिलें. प्रमाण एकास बहात्तर, म्हणजे मूळच्या सहा फुटांस एक इंच. या प्रमाणांत वर सांगितलेला पंखांतील फरक तीन सेंटिमीटरांहून थोडासाच अधिक भरतो. मुलांनीं केलेलें काम आराखड्याशीं व सांच्यांशीं ताडून पाहिलें जाई. ज्या वस्तूवरून सैनिकानें मित्र ओळखावयाचा, तिच्यांतील चूक ही शोभेची बाब राहत नाहीं, हें येथें ध्यानांत घ्यावें.

युद्ध संपलें आणि लांकडाची जागा प्लॅस्टिकनें घेतली. पेटींत सुटे भाग मिळूं लागले व विमानांबरोबर रणगाडेही आले. रणगाड्यांसाठीं आज एकास पस्तीस हें प्रमाण सर्वत्र रूढ आहे. पण त्याचा उगम मोठा गमतीचा आहे. जपानांतील तामिया या कारखान्यानें १९६० नंतरच्या आरंभींच्या वर्षांत जर्मन पँथर रणगाड्याची प्रतिकृति काढली. तींत मोटर व विजेच्या बॅटऱ्या मावावयास हव्या होत्या. त्या मावतील एवढा आकार धरला, तो मोजतां पस्तिसावा हिस्सा निघाला! पुढें त्याच कारखान्याचे शुनसाकु तामिया हे मूळ रणगाडे मोजण्यासाठीं अमेरिकेंतील अॅबरडीन येथवर गेले. पेटीवरील चित्र हा पुरावा नव्हे, पुरावा मूळ वस्तूपाशीं असतो, हें ज्यानें पेट्या विकल्या त्यालाच सर्वांआधीं उमगलें.

मूळ वस्तूंचा असा संग्रह नगर येथें, म्हणजे आजच्या अहिल्यानगरांत आहे. चिलखती दलाच्या शिक्षणाचें हें केंद्र असून येथील रणगाड्यांचें संग्रहालय १९९४ सालीं स्थापन झालें. मटिल्डा, व्हॅलेंटाइन, चर्चिल यांसारखे महायुद्धांतील रणगाडे, पाकिस्तानकडून जिंकलेले पॅटन आणि आपला विजयंत येथें पाहावयास मिळतात. सेंच्युरियनचेंच उदाहरण घ्या. या ब्रिटिश रणगाड्यास एके काळीं ८४ मिलिमीटर तोंडाची तोफ होती; पुढें १०५ मिलिमीटरांची आली व कित्येक जुन्या गाड्यांवरही ती चढविण्यांत आली. एकास पस्तीसच्या प्रमाणांत हा फरक अवघा ०.६ मिलिमीटर. परंतु चुकीची तोफ बसविली कीं एका सालचा रणगाडा दुसऱ्याच सालच्या लढाईंत उभा राहतो. असा प्रमाद ग्रंथांत घडला तर आपण त्यास कालविपर्यास म्हणतों. प्रतिकृतींत घडला तर निराळें नांव कां द्यावें?

नगरच्या आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूलमध्यें ‘फामागुस्टा’ नांवाचा एक सेंच्युरियन जतन केलेला आहे. पुण्यांत जन्मलेले सेकंड लेफ्टनंट अरुण खेत्रपाल हे जून १९७१ मध्यें पूना हॉर्स या पलटणींत अधिकारी झाले. युद्धाची चाहूल लागली तेव्हां ते नगरलाच शिक्षण घेत होते. तेथून त्यांना परत बोलावून घेण्यांत आलें. १६ डिसेंबर १९७१ रोजीं बसंतरच्या लढाईंत त्यांच्या रणगाड्यावर तोफगोळा आदळला. रणगाडा सोडण्याची सूचना त्यांनीं मानली नाहीं, आणि दुसऱ्या आघातांत त्यांचा अंत झाला. वय एकवीस वर्षें. त्यांना मरणोत्तर परमवीर चक्र देण्यांत आलें.

आतां येथेंही एक प्रतिकृति तयार झाली आहे. ती प्लॅस्टिकची नव्हे, शब्दांची. त्या लढाईंत शत्रूचे दहा रणगाडे नष्ट झाले असें मानपत्र सांगतें. पण शत्रूचा तो हल्ला खेत्रपाल व आणखी दोन अधिकारी यांनीं मिळून सांभाळलेल्या भागावर आला होता, हेंही तेंच मानपत्र सांगतें. ऐकीव कथेंत मात्र दहाही रणगाडे एकट्या अरुणांच्या नांवावर जमा होतात. कथा सांगणाराचा हेतु वाईट नसतो. पण ते दोन अधिकारी तेवढ्यानें पुसले जातात. सेंच्युरियनमध्यें चौघे जण बसत. प्रतिकृतींत बहुधा वरच्या झांकणांतून डोकावणारा एकच पुतळा असतो. चालक, तोफ डागणारा व गोळे भरणारा हे तिघे पोलादाआड राहतात, आणि पाहणारा त्यांना विसरतो.

अशी दुरुस्ती करूं लागलें म्हणजे कित्येकांस ती अश्रद्धा वाटते. वीराच्या पराक्रमांतून कांहीं वजा केलें, अशी त्यांची तक्रार असते. आम्हांस हें पटत नाहीं. जळत्या रणगाड्यांत तोफ चालते आहे तोंवर टिकून राहिलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणाचें मोठेपण आंकड्यावर अवलंबून नाहीं. फुगविलेल्या आंकड्यानें मात्र ऐकणारास उद्यां सारीच कथा संशयास्पद वाटूं लागते.

आकारानें पस्तीस पटींनीं लहान केलेली वस्तु वजनानें तितकीच लहान होत नाहीं. ती बेचाळीस हजारांहून अधिक पटींनीं हलकी होते. एकावन्न टनांचा सेंच्युरियन या हिशेबानें सव्वा किलोच्या आंत येतो. लहान करतांना भार असा झपाट्यानें नाहींसा होतो, म्हणूनच मापें तरी खरीं राखावीं. नगरला जाणाऱ्या विद्यार्थ्यानें फीत बरोबर न्यावी आणि संग्रहालयाच्या नियमांत बसेल तेवढें मोजून यावें, अशी आमची शिफारस आहे. मूळ वस्तूपुढें उभें राहून आपली समजूत तपासण्याची संवय ज्यास लागली, त्यास इतिहास निराळा शिकवावा लागणार नाहीं.