बहुमूत्र, बाबू आणि पथ्य : कोलकात्यातील एका वादाची पूर्वपीठिका

मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारातील रोग्याने एकूण अन्नच कमी करावे, की भात, पोळी, साखर असे पिष्टमय पदार्थ तेवढे कमी करावेत, हा वाद आजचा वाटतो. पण त्याची मुळे जुनी आहेत. ब्रिटिश लष्करातील शल्यवैद्य जॉन रोलो यांनी १७९७ मध्ये मांसप्रधान आहाराचा पुरस्कार केला. १८७०-७१ मध्ये पॅरिसला वेढा पडला असता अन्नटंचाईत रोग्यांची लघवीतील साखर उतरल्याचे बूशार्दा यांना दिसले आणि त्यांनी अल्पाहारावर भर दिला. पुढे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत फ्रेडरिक अॅलन यांनी उपवासालाच उपचाराचे स्थान दिले. प्रस्तुत निबंधाला स्वारस्य आहे ते या वादाने कोलकात्यात घेतलेल्या वळणात. तेथे ‘काय खावे’ आणि ‘किती खावे’ या प्रश्नांच्या आधी ‘हा रोग कोणाचा’ हा प्रश्न उभा राहिला.

प्रथम नावाविषयी. मराठीने ‘मधुमेह’ या शब्दात गोडी पुढे आणली; एकोणिसाव्या शतकातील बंगालीत रूढ होता तो ‘बहुमूत्र’, म्हणजे प्रमाण सांगणारा शब्द. केशवचंद्र सेन १८८४ मध्ये आणि बंकिमचंद्र चट्टोपाध्याय १८९४ मध्ये निवर्तले. दोघांनाही हा विकार होता. लेखणी, कचेरी, बैठे जीवन आणि बहुमूत्र ही सांगड भद्रलोकांच्या मनात पक्की होण्यास अशी उदाहरणे पुरेशी होती. १९०७ मध्ये ब्रिटिश मेडिकल असोसिएशनच्या एक्झिटर येथील अधिवेशनात उष्ण कटिबंधातील मधुमेहावर चर्चा झाली. तीत कोलकात्याचे कैलासचंद्र बसू यांनी इंग्लंडच्या उमरावांच्या संधिवाताशी हिंदी अभिजनांच्या मधुमेहाची तुलना केली. ही तुलना निदानापेक्षा साहित्यिक अधिक आहे, असे मला वाटते. तिच्यामागे ‘बाबू’ ही आधीच घडलेली व्यक्तिरेखा उभी आहे, आणि ती घडविण्यात ‘लोकरहस्य’मधील ‘बाबू’ हा उपहासलेख लिहिणाऱ्या बंकिमचंद्रांचाही वाटा होता, हे विसरता येत नाही.

या व्यक्तिरेखेच्या ताटात भात होता. मेडिकल कॉलेजातील शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड मॅके यांनी १९१२ च्या ‘द प्रोटीन एलिमेंट इन न्यूट्रिशन’ या ग्रंथात भातप्रधान, प्रथिनहीन आहाराशी बंगाल्यांच्या शरीरयष्टीचा संबंध जोडला. रसायनतज्ज्ञ चुनीलाल बसू यांनीही बंगालीतील ‘खाद्य’ या पुस्तकातून स्वजनांना प्रथिनांचे महत्त्व पटवले. हेतू भिन्न, पण आरोपी एकच. बंगाली माणूस दुर्बळ का, याचेही उत्तर भात आणि त्याच्या लघवीत साखर का, याचेही भातच! पथ्याच्या चर्चेत वांशिक मानहानीची आणि तिला दिलेल्या उत्तराची भाषा अशी मिसळून गेली.

याच वर्षांत, याच शहरात, दुसरी एक संहिता नव्याने वाचली जात होती. कविराज कुंजलाल भिषग्रत्न यांच्या सुश्रुतसंहितेच्या इंग्रजी भाषांतराचा पहिला खंड १९०७ मध्ये, म्हणजे एक्झिटरच्याच वर्षी निघाला. चिकित्सास्थान १९११ च्या दुसऱ्या खंडात आले. त्यातील प्रमेहाच्या अध्यायात रोगी दोन आहेत. एक जन्मजात दोषाचा, कृश, फार पाणी पिणारा; दुसरा अपथ्यातून रोग ओढवून घेतलेला, स्थूल, बहुभोजी, शय्या आणि निद्रा यांत रमणारा. स्थूलाला अपतर्पण, म्हणजे आहार तोडणे. कृशाला मात्र संस्कारित अन्नपानाने सांभाळणे. चरकही कृशाचे बृंहण करावे असेच सांगतो, आणि रोगाच्या कारणांत बैठेपणाबरोबर दही, गुळाचे पदार्थ व नवे धान्य मोजतो. (बंगालचा ‘नबान्न’ हा नव्या तांदळाचा उत्सव येथे आठवल्यावाचून राहत नाही.) म्हणजे ‘किती’ आणि ‘काय’ हे दोन्ही प्रश्न तेथे आहेत, परंतु ते रोग्याच्या देहावरून सोडवले जातात. सुश्रुताला निर्धन रोगीही ठाऊक आहे: त्याने अनवाणी, छत्रीवाचून, भिक्षेवर राहून शंभर योजने चालावे, धनवानाने हरणांच्या सोबतीने राहून सावे आणि देवभात खावा. एक्झिटरला रंगवलेल्या चित्रात या अनवाणी रोग्याला जागा नव्हती. कृशालाही नव्हती.

आजचे संशोधन या दोघांकडे उशिरा वळले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटनमधील ‘डायरेक्ट’ चाचणीत तीन ते पाच महिने रोज सुमारे ८२५ ते ८५३ उष्मांकांचा आहार दिला गेला आणि वर्षअखेर ४६ टक्के रोग्यांचा मधुमेह औषधावाचून आटोक्यात होता. पण निवडलेले सारे स्थूल वा वजनदार, आणि जवळजवळ सर्व श्वेतवर्णी. २३ चाचण्यांचा २०२१ मधील एक आढावा सांगतो की कमी कर्बोदकांचा लाभ सहा महिन्यांना ठळक दिसतो, वर्षाला ओसरतो. २०२३ च्या ‘रीट्यून’ अभ्यासात सडपातळ म्हणावेत असे वीसच रोगी होते. वजन घटवल्यावर त्यांतील चौदा जणांचा रोग मागे हटला, हे सुश्रुताच्या विभागणीला सरळ दुजोरा देणारे नाही. आणि भारतातील १८,०९० प्रौढांच्या आहारनोंदींवरून २०२२ मध्ये मांडलेल्या गणितात नव्या रोग्यांसाठी कर्बोदकांचा वाटा ४९ ते ५४ टक्के सुचवला आहे. म्हणजे ताटातला भात कमी होतो, नाहीसा होत नाही. आणि ज्याच्या ताटात भाताखेरीज फारसे काही नसते, त्याने ती जागा कशाने भरावी, हे त्या गणितात येत नाही.