दहा महिन्यांची मोहर

इ. स. १६४९ मध्ये इंग्लंडात राजाचा शिरच्छेद झाला, आणि पाठोपाठ नाण्यांवरची राजाची मुद्राही गेली. प्रजासत्ताकाच्या सोन्याच्या नाण्यांवर ढाली आल्या, क्रूस आणि वीणा आली, लॅटिनच्या जागी इंग्रजी अक्षरे आली. १६६० मध्ये राजसत्ता परत आल्यावर ही नाणी परत मागवून वितळवण्यात आली. त्या वेळी जी वाचली, तीच आज संग्राहकांच्या कौतुकाचा विषय झाली आहेत.

अशीच अल्पायुषी मोहर दिल्लीतही पडली. नोव्हेंबर १७५९ मध्ये वजीर इमाद-उल-मुल्काने दुसऱ्या आलमगीर बादशहाचा खून करविला आणि कामबक्षाच्या नातवाला तिसरा शाहजहान म्हणून तख्तावर बसविले. शाहजहानाबादच्या टांकसाळीत त्याच्या नावाचे ठसे तयार झाले. सोन्याची चकती दोन ठशांमध्ये धरून वरून घणाचा घाव घालावयाचा, ही तेथील रीत. ठसा चकतीहून मोठा असे. म्हणून लेखाचा काही भाग बहुधा बाहेर राही. ज्या मोहरेवर सन, जुलूस आणि टांकसाळीचे नाव तिन्ही उमटली, ती संग्राहकाच्या लेखी विशेष मोलाची. या बादशहाचे पहिले जुलूस वर्ष हेच त्याचे अखेरचे ठरले.

ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवराव भाऊंनी दिल्ली घेतली. तिजोरी रिकामी, फौज उपाशी. तेव्हा दिवाण-इ-खासचे चांदीचे छत उतरवून गाळण्यात आले. त्यातून सुमारे ९ लाख रुपये निघाले. ऑक्टोबरात भाऊंनी तिसऱ्या शाहजहानाला दूर करून, त्या वेळी बिहारात असलेल्या शाह आलमच्या नावाची द्वाही फिरवली.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट घडली. इंग्लंडच्या क्रांतिकारकांनी राजाचे नावच पुसले. दिल्लीत बादशहा बदलण्याइतके सामर्थ्य हाती असूनही मराठ्यांनी एका बादशहाचे नाव काढून दुसऱ्याचे घातले. १६७४ च्या होनावर 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपति' ही नागरी अक्षरे कोरणाऱ्या परंपरेचे हे वारस! पण १७५२ च्या करारान्वये मराठ्यांनी बादशाहीच्या रक्षणाचा भार पत्करला होता. शिवाय सराफाचा आणि रयतेचा विश्वास जुन्या नावावर होता. पुढे मराठ्यांच्या अनेक टांकसाळींनी शाह आलमचेच नाव चालवले, आणि ईस्ट इंडिया कंपनीनेही ते १८३५ पर्यंत वापरले. खरी सत्ता कोणाचीही असो, रुपयावर नाव दिल्लीचेच राहिले.

१४ जानेवारी १७६१ रोजी पानिपत झाले. छताच्या चांदीचे रुपये हातोहात पांगले. त्यांतला एखादा आज ओळखूही येणार नाही. तिसऱ्या शाहजहानाची मोहर मात्र ओळखता येते. अशी नाणी पुरावस्तू ठरत असल्याने, १९७२ च्या कायद्यानुसार खासगी व्यक्तीला ती देशाबाहेर नेता येत नाहीत. हे योग्यच आहे. तिचे सोने बाजारात तोलता येईल. पण ज्या दहा महिन्यांत दिल्लीचे आणि मराठ्यांचे भवितव्य पणाला लागले, त्यांची साक्ष कोणत्या तराजूत तोलावी?