कर्णसंसर्ग, बालकांतील गंभीर (कोविड महासाथ आणि नागपूर)

मध्यकर्णातील जंतुसंसर्ग कानामागचे मॅस्टॉइड हाड, चेहऱ्याची नस, मेंदूचे आवरण किंवा खुद्द मेंदू यांपर्यंत पोचला म्हणजे तो गंभीर समजतात. बोलीत सौम्य व गंभीर अशा दोन्ही प्रकारांची बोळवण ‘कान फुटला’, ‘कान वाहतो’ एवढ्यावरच होते. कोविड-१९ च्या महासाथीचा या विकारावर दुहेरी परिणाम झाला. मुले घरात राहिल्याने सर्दी-पडसे घटले आणि त्याबरोबर नवी कानदुखीही घटली. आधीपासून वाहणारे कान मात्र उपचारांवाचून खोळंबले. नाक-कान-घसा तज्ज्ञाच्या दृष्टीने यांतली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे.

कारणे : घसा व मध्यकर्ण यांना जोडणारी यूस्टेशियन नळी लहान मुलांत आखूड आणि जवळजवळ आडवी असते. सर्दी, गोवर किंवा इन्फ्लुएंझा झाला की ती सुजते, मागे द्रव साचतो व त्यात न्यूमोकॉकस, हीमोफिलस यांसारखे जंतू वाढतात. जुनाट वाहत्या कानात बहुधा स्यूडोमोनास व स्टॅफिलोकॉकस सापडतात. बाळाला आडवे करून बाटलीने पाजणे, चुलीचा धूर व घरातील दाटी यांनी धोका वाढतो.

लक्षणे : ताप, ठणका, रात्रीची रडारड. पडदा फाटून पू वाहू लागला की ठणका एकाएकी थांबतो आणि घरचे निर्धास्त होतात. पुढची दिरंगाई बहुतेक वेळा इथूनच सुरू होते. मॅस्टॉइडमध्ये पू झाल्यास कानामागे लाल, दुखरी सूज येते, कानामागची घडी बुजते आणि कानाची पाळी पुढे व खाली ढकलली जाते. मुलाला पाठमोरे बसवून दोन्ही कान एकदम पाहिले तर हा फरक आईच्याही लक्षात येतो. भरपूर, चिकट आणि वास नसलेला स्राव त्या मानाने कमी धोक्याचा. थोडाच, पण घाण वास मारणारा स्राव हाड पोखरणाऱ्या कोलेस्टीॲटोमाचे लक्षण असू शकतो. तोंड वाकडे होणे, भोवळ, उलट्या, मान ताठरणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे लागते.

उपचार : शिरेतून प्रतिजैविके, पू काढणे, गरजेनुसार मॅस्टॉइडची शस्त्रक्रिया. लसणाची पाकळी घालून कढवलेले तेल फुटलेल्या कानात घालू नये.

आयुर्वेद : सुश्रुतसंहितेत २८ कर्णरोग सांगितले असून त्यांत कर्णस्राव व पूतिकर्ण यांचा समावेश आहे.

नागपुरातील स्थिती : नागपुरात कोविडचा पहिला रुग्ण ११ मार्च २०२० रोजी आढळला. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (‘मेडिकल’) आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (‘मेयो’) या रुग्णालयांवर केवळ शहराचा भार नसतो. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली आणि सीमेपलीकडील छिंदवाडा, बालाघाट येथूनही रुग्ण येतात. टाळेबंदीत रेल्वे थांबली आणि एसटीची आंतरजिल्हा वाहतूक २० ऑगस्ट २०२० पर्यंत बंद राहिली. वाहत्या कानासाठी ई-पास काढून कोण निघणार? दूरध्वनीवरून सल्ला देण्याची मार्गदर्शक तत्त्वे केंद्राने २५ मार्च २०२० रोजी जाहीर केली खरी, पण कानाचा पडदा फोनवर दिसत नाही.

शस्त्रक्रियांची अडचण वेगळी होती. मॅस्टॉइड ड्रिलने कोरताना तुषार उडतात, म्हणून ही शस्त्रक्रिया संसर्गाच्या दृष्टीने जोखमीची ठरवली गेली आणि तातडीच्या नसलेल्या शस्त्रक्रिया जगभर पुढे ढकलल्या गेल्या. मृत कोविडबाधितांच्या मध्यकर्णात व मॅस्टॉइडमध्ये विषाणू सापडल्याचे जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी जुलै २०२० मध्ये दाखवले. अभ्यासातील व्यक्ती तीनच होत्या, तरी धास्ती बसायला तेवढे पुरले.

दुसऱ्या लाटेपाठोपाठ म्युकरमायकोसिस आला. मे २०२१ मध्ये राज्यातील सर्वाधिक रुग्ण असलेल्या जिल्ह्यांत नागपूर होते. हा काळ्या बुरशीचा आजार मुख्यतः मधुमेही प्रौढांचा होता, मुलांचा नव्हे. पण सायनस खरवडणारे सर्जन, दुर्बीण आणि टेबल तेच होते, जे एरवी मुलांच्या कानांसाठी असतात. अँफोटेरिसिन-बी या इंजेक्शनचा तुटवडा पडल्यावर वर्ध्याच्या जेनेटिक लाइफ सायन्सेसला त्याच्या उत्पादनाची परवानगी मिळाली. विदर्भातील नाक-कान-घसा शाखेच्या इतिहासात एवढ्या धावपळीचे महिने विरळाच.

शाळा बंद राहिल्याचाही कानांशी संबंध आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा-अंगणवाड्यांतील तपासणीच्या यादीत मध्यकर्णाचा संसर्ग आहे. वर्ग बंद म्हणजे ही तपासणीही बंद. शिवाय मागच्या बाकावर बसून ‘काय?’ विचारणारे मूल गुरुजींच्या नजरेत येते; मोबाइलचा आवाज वाढवून धडा ऐकणारे येत नाही.

निर्बंधांनंतर : २०२२ पासून अनेक देशांत बालकांचे श्वसनसंसर्ग उसळले, युरोपातील काही देशांत ‘अ’ गटाच्या स्ट्रेप्टोकॉकसचे आक्रमक संसर्ग वाढल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२२ मध्ये नोंदवले. संसर्गापासून दूर राहिल्याने मुलांची प्रतिकारशक्ती मागे पडली, हे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. त्यावर मतभेद आहेत.

गोवर : महासाथीत नियमित लसीकरण मागे पडले. २०२२ च्या अखेरीस मुंबई, भिवंडी, मालेगाव येथे गोवराचा उद्रेक झाला. गोवर झालेल्या साधारण दहा मुलांमागे एकाचा कान बिघडतो.

प्रतिबंध : न्यूमोकॉकसविरोधी लस (पीसीव्ही) देशात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आली, महाराष्ट्रात मात्र २०२१ मध्ये, म्हणजे ऐन महासाथीत. शासकीय केंद्रांत ती दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयांत विनामूल्य दिली जाते.