नाशिकचे ट्रिकपट आणि त्यांचे प्रेक्षक

भारतात फ्रेमला फ्रेम जोडून हालचाल निर्माण करण्याची कला पहिल्या कथाचित्रपटाहून थोडी जुनी आहे. १९१२ साली दादर येथे धुंडिराज गोविंद फाळके यांनी कुंडीत वाटाणा पेरला, लंडनहून मागवलेला विल्यमसन कॅमेरा तिच्यासमोर रोवला आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चित्र घेतले. पडद्यावर मिनिटभरात कोंब फुटला आणि वेल तरारून वर आली. भांडवल घालू शकणाऱ्या मंडळींना हे रीळ दाखवले गेले आणि त्याच जोरावर ‘राजा हरिश्चंद्र’साठी पैसा उभा राहिला.

३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याच वर्षी फाळके यांनी मुंबईतला संसार आणि कारखाना नाशिकला हलवला. जन्म त्र्यंबकेश्वरचा, त्यामुळे हा मुलूख त्यांच्या परिचयाचा होता. गोदावरीचे घाट, देवळे, डोंगर, मळे आणि स्वच्छ ऊन या गोष्टी पौराणिक चित्रपटांना आयत्याच मिळाल्या. ‘मोहिनी भस्मासुर’ आणि ‘सत्यवान सावित्री’ हे चित्रपट येथेच तयार झाले. १९१४ मध्ये ते घेऊन फाळके लंडनला गेले. तेथील सिनेमाव्यवसायातल्या जाणकारांनी त्यांच्या तांत्रिक कामाची वाखाणणी केली. ते परतले तोवर महायुद्ध पेटले होते. कच्च्या फिल्मची टंचाई होती आणि भांडवलदारांनी हात आखडता घेतला होता.

या अडचणीच्या काळातच नाशिकच्या कारखान्यातून काही छोटे पट निघाले. १९१५ च्या सुमाराचा ‘आगकाड्यांची मौज’ त्यांतला सर्वांत महत्त्वाचा. काड्यापेटीतल्या काड्या आपोआप उठतात, जुळतात, आकृत्या करतात आणि मोडतात, असा हा खेळ. फ्रान्सच्या एमिल कोल यांनी १९०८ मध्ये अशाच जिवंत आगकाड्यांचा पट केला होता. नाण्यांशी खेळणारा ‘लक्ष्मीचा गालिचा’ आणि निर्जीव वस्तूंना हालचाल देणारा ‘विचित्र शिल्प’ हे त्याच जातीचे. ‘प्रोफेसर केळफा’ या पटात फाळके स्वतः जादूगार म्हणून उभे राहिले. केळफा म्हणजे फाळके हे आडनाव उलटे केलेले. हातचलाखीचे शिक्षण त्यांनी तरुणपणीच घेतले होते आणि याच नावाने ते जादूचे प्रयोगही करत.

अशा पटामागचे कष्ट आकड्यांत मांडता येतात. पस्तीस मिलिमीटर फिल्मच्या एका फुटात १६ फ्रेम बसतात. मूकपटांच्या काळात सेकंदाला साधारण १६ फ्रेम धरल्या, तर मिनिटाला साठ फूट, म्हणजे ९६० फ्रेम लागतात. फ्रेम घ्यायची, काडी केसभर सरकवायची, हात बाजूला घ्यायचा, पुन्हा फ्रेम घ्यायची. बाहीचा धक्का लागून एक काडी हलली, तर तेथून पुढचे सारे पुन्हा करावे लागते. स्टुडिओ सूर्यप्रकाशावर चालत असल्याने ढग आला की उजेड बदलतो, ऊन कलले की काडीची सावली सरकते. ‘आगकाड्यांची मौज’ आज उपलब्ध नाही. मुख्य चित्रपटाच्या जोडीला दाखवायची वस्तू म्हणून तो निघाला. तिकीट खपत होते ते देवादिकांच्या लांब चित्रपटांवर, त्यामुळे ही शाखा नाशिकमध्ये वेगळी अशी वाढली नाही. मराठी चित्रपटाच्या इतिहासातली ही मोठी हानी मानावी लागते. ते कसब अर्थात वाया गेले नाही, ते लांब चित्रपटांच्या पोटात शिरले.

१९१७ चा ‘लंकादहन’ हे त्याचे पहिले मोठे फळ. अण्णा साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. सीतेचे पुरुषी दंड लुगड्यातूनही दिसत, पण त्याने प्रेक्षकांचे काही अडले नाही. पडद्यावर राम दिसताच लोक जागेवरून उठून दंडवत घालत, असे वर्णन चित्रपटाच्या इतिहासग्रंथांत आढळते. मद्रासकडे तिकिटांची नाणी पोत्यांत भरून बैलगाडीने, पोलीस पहाऱ्यात न्यावी लागली, हेही नेहमी सांगितले जाते. यापेक्षा मोलाचे मत आहे जे. बी. एच. वाडिया यांचे. पुढे स्वतः धाडसी आणि जादुई चित्रपटांचे निर्माते झालेल्या वाडियांनी ‘लंकादहन’ला त्या काळची एक छोटेखानी श्रेष्ठ कृती मानले. ढगांत वर वर जाताना लहान लहान होत जाणारा हनुमान आणि टेबलावर मांडलेल्या छोट्या प्रतिकृतीतून साधलेले लंकेचे जळणे, या दोन गोष्टी त्यांना थक्क करून गेल्या होत्या. हे कारागिराने कारागिराला दिलेले प्रशस्तिपत्र आहे. चमत्कार कसा घडवला हे वाडियांना पक्के ठाऊक होते, तरीही दिपून गेल्याचे त्यांनी मोकळेपणाने सांगितले.

१ जानेवारी १९१८ रोजी नाशिकमध्ये हिंदुस्तान सिनेमा फिल्म्स कंपनी उभी राहिली. वामन श्रीधर आपटे आदी भागीदारांचे पैसे आले आणि फाळके यांच्यामागची उसनवारीची विवंचना काही काळ तरी सरली. ‘श्रीकृष्णजन्म’ १९१८ मध्ये आला. मग ३ मे १९१९ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ‘कालिया मर्दन’ लागला. मुलांसाठीच्या अद्भुतकथेचा मराठी मुलखातला पहिला खरा चित्रपट म्हणून याचेच नाव घ्यायला हवे. लोणी चोरणारा, सवंगडी जमवून खोड्या काढणारा आणि शेवटी डोहात उडी घेणारा कृष्ण ही मुळातच बालगोपाळांची कथा. कृष्णाची भूमिका फाळके यांची कन्या मंदाकिनी हिने केली. तेव्हा ती सहा-सात वर्षांची होती.

चित्रपटाची सुरुवात थांबून पाहावी अशी आहे. कथा सुरू होण्याआधी पडद्यावर येतो तो या मुलीचा चेहरा, जवळून घेतलेला. ती हसते, रुसते, घाबरते, चिडते. एका लहान मुलीच्या अभिनयाचे हे प्रात्यक्षिक आहे, असे तेथे सांगितलेलेही आहे. त्यानंतर त्याच मुलीच्या जागी मोरपिसाचा कृष्ण हळूहळू उमटतो. पुढे डोहाखाली कृष्ण आणि कालिया यांची झुंज चालते आणि मधून मधून काठावर हवालदिल झालेले गोकुळ दिसते. शेवटी नागाच्या फण्यावर कृष्ण उभा राहतो. आपला देव म्हणजे रंगवलेली मुलगी आहे, हे फाळके यांनी आधीच उघड केले होते. १९१७ च्या ‘चित्रपट कसे तयार करतात’ या पटातही त्यांनी कारखान्याचे दार असेच उघडले होते. प्रेक्षकांची श्रद्धा त्याने उणावली नाही, ‘कालिया मर्दन’ महिनोन्महिने चालला. त्या काळचा भाबडा प्रेक्षक पडद्यालाच देव समजत असे, हे पुढच्या लेखनात रुळलेले मत या चित्रपटापुढे टिकत नाही. कीर्तनात आणि दशावतारात सोंग कोणी घेतले आहे हे ठाऊक असतानाही पाया पडणारा हा समाज होता. युक्ती कळणे आणि रंगून जाणे या दोन्ही गोष्टी त्याला एकाच वेळी जमत होत्या.

भागीदारांशी मतभेद झाल्यावर फाळके कंपनी सोडून काशीला गेले, १९२२ मध्ये परतले आणि नाशिकमध्ये पुन्हा कामाला लागले. बोलपट आले तसा त्यांचा काळ मागे पडला. सामाजिक चित्रपटांच्या दिवसांत जुने पौराणिक ट्रिकपट पोरखेळ ठरले. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिकमध्येच त्यांचे निधन झाले. मत पालटले ते रिळे पुन्हा डोळ्यांपुढे आल्यावर. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाचे पी. के. नायर यांनी नाशिकला फाळके कुटुंबीयांकडून ‘कालिया मर्दन’चे तुकडे मिळवून चित्रपट पुन्हा जुळवला. मूळ लांबीचा बराचसा भाग त्यात वाचला आहे.

चित्रांतून हालचाल करण्याचा उद्योग मात्र नाशिकबाहेर वाढला. प्रभातने १९३४ मध्ये ‘जंबूकाका’ काढला, १९५६ च्या सुमारास मुंबईत फिल्म्स डिव्हिजनचा कार्टून विभाग सुरू झाला. त्या विभागात घडलेले राम मोहन यांच्यामार्फत हा धागा एका अर्थाने नाशिकच्या पंचवटीत परतला. जपानचे युगो साको, कोइची सासाकी आणि राम मोहन यांच्या दिग्दर्शनाखाली १९९२ मध्ये ‘रामायण: द लीजंड ऑफ प्रिन्स रामा’ हा अॅनिमेशनपट पुरा झाला. शूर्पणखा, कांचनमृग आणि सीताहरण हा पंचवटीतला कथाभाग त्यात आहे. नाशिककर काळाराम मंदिर आणि सीतागुंफा यांच्या रूपाने तो रोज पाहतात.

या चित्रपटावरची मते तो बनण्यापूर्वीच बिघडली होती. साको यांच्या प्रयत्नाची बातमी १९८३ मध्ये चुकीच्या अर्थाने छापून आली आणि विश्व हिंदू परिषदेने निषेध नोंदवला. रामायण हा राष्ट्रीय ठेवा असून परकीयाने त्यावर मनमानी चित्रपट करू नये, असा त्याचा आशय. कार्टूनमध्ये राम दाखवणे उचित नाही या भावनेने भारत सरकारही सहनिर्मितीला तयार झाले नाही. हलणाऱ्या प्रतिमेत राम दाखवण्याला हरकत कोणाचीच नव्हती, तो प्रश्न नाशिकच्या कारखान्याने १९१७ मध्येच निकाली काढला होता. खटकत होते ते माध्यम. कार्टून म्हणजे थट्टा, असे समीकरण मनात बसले होते. चित्रपट पूर्ण झाल्यावर ते समीकरण चुकीचे ठरले. हाताने रंगवलेली अरण्ये, वनराज भाटियांचे संगीत आणि संस्कृत गाणी यांत थट्टेचा लवलेश नव्हता. हिंदी आवृत्तीत रामाचा आवाज अरुण गोविल यांचा होता. चित्रपटगृहांत फारसा न चाललेला हा पट टीव्हीवर लहान मुलांनी पुन्हा पुन्हा पाहिला. २४ जानेवारी २०२५ रोजी तो नव्या डबिंगसह देशभर लागला, तेव्हा मोठी झालेली तीच मुले आपल्या मुलांना घेऊन आली. चित्रांबद्दल त्यांची तक्रार नव्हती, लहानपणी ऐकलेले आवाज तेवढे त्यांना हवे होते.