नकाशा कागदावर, करार मात्र तोंडी : वास्तुविशारदाशी व्यवहार करताना

गोव्यात घर बांधायचे ठरले की आधी ओळखीतल्या माणसाचा शोध सुरू होतो. कोणी भावोजींच्या घराचे काम केलेले असते, कोणी शेजारच्या वाड्यावरचाच असतो. आगाऊ रक्कम दिली जाते, नकाशा तयार होतो आणि करारनाम्याचा विषय निघालाच तर ‘आपल्यात कसला कागद’ म्हणून तो बाजूला सारला जातो. पुढे वाद होतो तेव्हा बहुतेक वेळा भिंत खचलेली नसते की छप्पर गळत नसते. नेमके कोणते काम ठरले होते, याची दोघांच्या मनात दोन वेगळी चित्रे असतात.

आधी उपाधीविषयी. वास्तुविशारद अधिनियम, 1972 अन्वये ‘आर्किटेक्ट’ ही उपाधी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरकडे नोंद असलेल्या व्यक्तीलाच किंवा सर्व भागीदार नोंदणीकृत असलेल्या भागीदारी संस्थेलाच लावता येते. मात्र 17 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, नोएडा प्राधिकरणातील पदांसंबंधीच्या एका प्रकरणात, या अधिनियमाचे कलम 37 उपाधीच्या वापरावर बंधन घालते, इमारतीचे आरेखन करण्याच्या कामावर नव्हे, असा निर्वाळा दिला. म्हणजे नोंदणी नसलेला डिझायनर रेखाटने करू शकतो. स्वतःला आर्किटेक्ट म्हणवू शकत नाही. मंजुरीसाठी जाणारे नकाशे तर नोंदणीकृत वास्तुविशारदाच्या किंवा अभियंत्याच्या सहीनेच सादर होतात. त्यामुळे आराखडा एकाचा आणि सही दुसऱ्याची, हा प्रकार आपल्याकडे सर्रास आढळतो. अशा वेळी करारात दोघांचीही नावे आणि कोणाची जबाबदारी कुठवर, हे यायलाच हवे. ज्याने जागा पाहिलेलीही नाही त्याच्या सहीवर घर उभे राहणे मालकासाठी धोक्याचे आहे आणि सही करणाऱ्यासाठी त्याहून अधिक.

भारतीय करार अधिनियम, 1872 नुसार तोंडी करारही वैध असतो. अडचण पुराव्याची असते. वास्तुविशारदांच्या व्यावसायिक वर्तनाविषयीच्या 1989 च्या विनियमांनी तर नेमणुकीच्या अटी आणि शुल्क अशिलाला आधी सांगून त्यावर सहमती घेणे हे वास्तुविशारदाचे कर्तव्यच ठरवले आहे. करार योग्य मूल्याच्या मुद्रांकावर असावा. मुद्रांक शुल्क कमी भरलेला दस्त फरक व दंड भरल्याशिवाय न्यायालयात पुरावा म्हणून स्वीकारला जात नाही. काम सुरू झाल्यावरचे फेरबदल हल्ली व्हॉट्सॲपवरच ठरतात. ते संदेश ग्राह्य धरले जातात, पण भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 खाली प्रमाणपत्र जोडावे लागते. फोन बदलताना जुने संभाषण पुसून टाकणाऱ्यांनी हे ध्यानी ठेवलेले बरे.

सर्वांत जास्त भांडणे होतात ती ‘प्लॅन पास करून देतो’ या एका वाक्यावरून. गोव्यात या वाक्याच्या पोटात किती गोष्टी येतात ते पाहावे. जमीन भू-महसूल संहिता, 1968 च्या कलम 32 खाली रूपांतरित आहे का, म्हणजे सनद आहे का? नगरनियोजन खात्याची तांत्रिक मंजुरी, किनारी भाग असल्यास सीआरझेडचा दाखला, आरोग्य खात्याचा ना हरकत दाखला, पंचायतीचा किंवा पालिकेचा बांधकाम परवाना, बांधकाम संपल्यावर पूर्णत्वाचा आणि मग भोगवटा दाखला. यांतील कोणत्या पायरीपर्यंत वास्तुविशारद बरोबर असेल? मालकाला वाटते, किल्ली हाती येईपर्यंत. वास्तुविशारदाला वाटते, परवान्यापर्यंत. शुल्काचा आकडा मात्र एकच ठरलेला असतो.

म्हणून प्रत्येक पायरी करारात स्वतंत्र लिहावी. अर्ज सादर करणे, खात्याने काढलेल्या त्रुटी दूर करणे, नकाशात सुधारणा करून देणे, ही वास्तुविशारदाची कामे होत. परवाना मिळेलच, अमुक दिवसांत मिळेल, अशी हमी त्याने देऊ नये आणि मालकानेही मागू नये, कारण तो निर्णय तिसऱ्याच्या हाती असतो. आणि जो कोणी अशी हमी छातीठोकपणे देतो, त्याच्या आत्मविश्वासाचा उगम कुठे आहे हे विचारून घ्यावे. जमिनीची स्थिती कोणी तपासायची हेही लिहावे. उताराच्या जागेवर डोंगर कापायचा किंवा सखल जागेत भराव टाकायचा तर नगरनियोजन कायद्याच्या कलम 17-अ खाली मुख्य नगरनियोजकांची परवानगी लागते. ती न घेता जेसीबी लावला गेला तर नकाशा काढणारा ‘मला विचारले नव्हते’ म्हणतो आणि मालक ‘मला सांगितले नव्हते’ म्हणतो.

देखरेखीचेही तसेच. वास्तुविशारद ठरावीक टप्प्यांवर बांधकामाच्या जागी भेट देतो. रोजची देखरेख हे त्याचे काम सहसा नसते. ती हवी असेल तर स्वतंत्र अभियंता नेमावा लागतो. किती भेटी, कोणत्या टप्प्याला, आणि भेटीत दाखवलेले दोष कंत्राटदाराने दुरुस्त केले नाहीत तर पुढे काय, ही तीन वाक्ये करारात असली तर अर्धे वाद टळतात. बांधकामाच्या मजबुतीची जबाबदारी संरचना अभियंत्याची असते. त्याची नेमणूक कोण करणार व त्याचे पैसे कोण देणार, तेही नोंदवावे.

सही कोणाची घ्यायची, हा प्रश्न गोव्याबाहेरच्या नमुना करारांत क्वचितच दिसतो. आपल्या नागरी कायद्यानुसार, विवाहापूर्वी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक असते. पिढीजात घरांत तर भाऊ, बहिणी, परदेशात स्थायिक झालेले चुलते, सगळेच वाटेकरी. इन्व्हेंटरीची प्रक्रिया पूर्ण झालेली नसताना एकाच भावाच्या शब्दावर काम हाती घेणाऱ्या तरुण वास्तुविशारदाचा नकाशा दुसऱ्या भावाच्या हरकतीने अडकतो आणि शुल्कही. एक-चौदाचा उतारा पाहून त्यावरील सर्व नावांची संमती किंवा रीतसर मुखत्यारपत्र घ्यावे. जागेत मुंडकाराचे घर असेल तर 1975 च्या मुंडकार कायद्याचे संरक्षण त्याला आहे, हे गृहीत धरूनच आराखडा करावा.

शुल्क टक्केवारीने, चौरस मीटरवर किंवा एकरकमी ठरते. टक्केवारीने ठरले असेल तर ‘बांधकाम खर्च’ म्हणजे काय याची व्याख्या हवी. त्यात जमिनीची किंमत धरू नये, फर्निचर धरायचे की नाही ते ठरवावे. रक्कम टप्प्यांशी बांधावी आणि काम मध्येच थांबले तर तोवरच्या टप्प्याचे पैसे देय होतात, असे स्पष्ट म्हणावे. नोंदणीकृत व्यावसायिकाच्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी लागतो. ठरलेली रक्कम करासह की कराविना, हे विसरू नये. सूक्ष्म वा लघु उद्योग म्हणून आधी नोंदणी केलेल्या व्यावसायिकाला 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्याचा आधार मिळतो : जास्तीत जास्त 45 दिवसांत पैसे न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज मागता येते. मालकांसाठीही एक गोष्ट. लाद्या, नळ, रंग पुरवणाऱ्यांकडून वास्तुविशारदाने कमिशन घेणे व्यावसायिक विनियमांना मान्य नाही. तशी अट करारात घालण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

आता नकाशाच्या मालकीकडे येऊ. ‘पैसे दिले, नकाशा माझा’ ही समजूत कायद्याला धरून नाही. कॉपीराइट अधिनियम, 1957 नुसार वेगळा लेखी करार नसेल तर स्वतंत्रपणे व्यवसाय करणाऱ्या वास्तुविशारदाच्या रेखाटनांचा प्रथम हक्क त्याचाच राहतो. पगारी नोकरीत केलेल्या कामाचा मालकाचा. अशिलाला मिळते ती ठरलेल्या जागी ठरलेली वास्तू बांधण्याची मुभा. तोच आराखडा दुसऱ्या भूखंडावर वापरायचा तर परवानगी हवी. हक्क हस्तांतरित करायचे तर लेखीच करावे लागतात, आणि मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे मानली जाते. संरक्षण मिळते ते वास्तूच्या कलात्मक रूपाला. बांधण्याच्या पद्धतीला नाही. शिवाय नक्कल करून बांधकाम एकदा सुरू झाले की कलम 59 मुळे ते थांबवण्याचा वा पाडण्याचा आदेश मिळत नाही, भरपाईच मागता येते.

बांधून झालेल्या वास्तूवर रचनाकाराचा हक्क किती? दिल्लीच्या प्रगती मैदानावरील ‘हॉल ऑफ नेशन्स’ एप्रिल 2017 मध्ये पाडण्यात आला. त्याचे वास्तुविशारद राज रेवाल यांनी दाद मागितली. 28 मे 2019 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने, मालक आपली इमारत पूर्णपणे पाडत असेल तर रचनाकाराला कलम 57 च्या नैतिक हक्काने ते रोखता येत नाही, असे ठरवले. अंशतः फेरफार करून रचना विद्रूप करणे हा वेगळा प्रश्न आहे, आणि आपल्याला तो परका नाही. चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या पणजीच्या कला अकादमीच्या नूतनीकरणावरून झालेली चर्चा, जुलै 2023 मध्ये काम चालू असताना खुल्या रंगमंचाचे छत कोसळल्यावर उसळलेला संताप, हे वाचकांना आठवत असेल. नैतिक हक्क रचनाकाराच्या मृत्यूनंतर त्याचे कायदेशीर प्रतिनिधीही बजावू शकतात. खासगी घराच्या करारात एवढे लिहिणे पुरे : पुढे बदल करायचे झाल्यास मूळ वास्तुविशारदाला कळवायचे का, आणि बदलांनंतर त्याचे नाव वास्तूशी जोडलेले राहणार का.

वाद झालाच तर लवादाची तरतूद लेखी असेल तरच उपयोगी पडते. तीत ‘लवाद आम्ही नेमू’ असे एका पक्षाने लिहून घेऊ नये. 26 नोव्हेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आंध्र प्रदेशातील एम्सच्या आरेखनाच्या कंत्राटातून उद्‍भवलेल्या पर्किन्स ईस्टमन प्रकरणात, वादात हितसंबंध असलेल्या पक्षाच्या अधिकाऱ्याला एकमेव लवाद नेमता येत नाही, असा निर्णय दिला. सेवेतील त्रुटीबद्दल मालक दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो. दिलेला मोबदला 50 लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगाकडे. व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार कौन्सिलकडे करता येते. थकलेल्या शुल्कासाठी वास्तुविशारदाला दिवाणी दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे, आणि देण्याची तारीख ठरलेली नसेल तर ती काम पूर्ण झाल्या दिवसापासून मोजली जाते. शेवटचा नकाशा कोणत्या तारखेला दिला, त्याची पोच सही घेऊन फाइलला लावून ठेवावी.